प्रार्थना करणाऱ्याची सही

वंशावळ लिहायला घेतली आहेस ना? बस इथे. दार लोटून घ्या रे कोणीतरी. आधी हे ऐक, मग लिही काय ते.

माझा एक मित्र होता. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली त्याने. एक वेलांटी सुटू द्यायचा नाही, म्हणून आम्ही त्याला कानामात्रा म्हणायचो. बायकोची वाण्याची यादीसुद्धा दुरुस्त करून द्यायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एक काम धरलं. चर्चच्या जुन्या दफनाच्या वह्या वाचायच्या आणि लोकांना त्यांची माणसं शोधून द्यायची. त्या वह्यांत सगळंच तुटक, कारकुनाला घाई. ‘क्ष.’ म्हणजे क्षय, ‘पट.’ म्हणजे पटकी, ‘अ. बु.’ म्हणजे अपघात, बुडून. अख्खा माणूस दोन अक्षरांत उरकलेला.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक आजी आल्या. वय चौऱ्याऐंशी, सोबत मुलगा. आजींची मावशी एकोणिसाव्या वर्षी गेलेली, आजींच्या जन्माच्याही आधी. कुठे पुरली, ते घरात कोणी बोलत नसे. पण आजींच्या आईने मरताना लेकीचा हात धरून शब्द घेतला होता, “माझ्या बहिणीच्या मातीपाशी एकदा तरी प्रार्थना म्हण.” साठ वर्षं तो शब्द आजींच्या मानेवर. मुलाचं दुखणं वेगळंच. त्याला घराण्याचं पुस्तक छापायचं होतं, सोनेरी अक्षरांचं.

नोंद सापडली. ‘स्त्री, १९, व बाळ. प्रा. वि.’

कानामात्राने अंदाज ठोकला नाही. सगळी वही चाळली. तीच अक्षरं अकरा ओळींत होती, आणि त्या अकराही ओळींत शेवटचा रकाना कोरा. रकान्याचं नाव ‘प्रार्थना करणाऱ्याची सही’.

कळलं ना? प्रार्थनेविना. लग्नाआधी बाळंत झालेल्या पोरी, जीव दिलेले, बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं... त्यांना भिंतीबाहेर पुरायचे. चार ओळी प्रार्थना म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. तो शब्द पुरा लिहायचीही लाज वाटली असणार.

मुलगा म्हणाला, “साहेब, ‘तापाने’ लिहा. पुस्तक पाहुण्यांत वाटायचंय.”

“मूळ प्रतीत ताप नाही.”

“मूळ प्रत कोण बघायला बसलंय? आणि आईला बोलू नका. या वयात कशाला डोक्याला ताप?”

“तोच तर तुम्ही लिहायला सांगताय,” कानामात्रा म्हणाला. एवढंच म्हणाला. पुढे भिडेपोटी ‘बघतो’ म्हणून बसला.

मला त्या मुलाचा राग येतो, पण कानामात्राचा जास्त येतो. ज्याने लेखकाची चूकसुद्धा कधी विचारल्याशिवाय बदलली नाही, तो एका मेलेल्या पोरीचं मरण बदलायला तयार झाला.

नऊ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ. चर्चच्या कचेरीत तो एकटाच. पाळक वही त्याच्या हवाली करून जेवायला गेलेले. कचेरीची मागची भिंत हीच दफनभूमीची हद्द. पलीकडे नुसतं गवत.

त्याने लॅपटॉपवर लिहिलं, ‘तापाने’.

ठक.

मागच्या भिंतीवर. पलीकडून. अगदी खाली... गुडघ्याच्याही खाली.

घूस असेल. त्याने पुढे जोडलं, ‘शांतपणे’.

ठक. ठक.

पेल्यातलं पाणी हललं.

“कोण आहे?”

...

मग धडका. एकामागून एक. चुन्याचा पोपडा सुटला. वहीवर पडला. त्याच पानावर.

मला म्हणाला, “भीती नंतर वाटली. आधी एवढंच कळलं, कोणीतरी चिडलंय. आणि बरोबर चिडलंय.”

त्याने ‘तापाने’ पुसलं. ‘शांतपणे’ पुसलं. लिहिलं, ‘बाळासह. प्रार्थनेविना. भिंतीबाहेर.’

थांबलं.

फोन त्याने आजींना केला, मुलाला नाही. आजी गाडी करून नऊला हजर. सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. “आईला वाटायचं, जागा विसरली असतील,” त्या म्हणाल्या. “विसरले नव्हते मेले. बाळंतिणीला उघड्यावर टाकून घरी जाऊन जेवले असतील.”

तोवर पाळक परत आलेले. आजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते कंदील धरून मुकाट मागे चालले. भिंतीमागच्या गवतात काठी रोवून आजींनी प्रार्थना म्हटली. मोठ्याने. भांडल्यासारखी. शेवटी मात्र आवाज उतरला. वाकून भिंतीच्या पायथ्याशी हात टेकला.

“निजा गं आता दोघं.”

वही पाळकांनी लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली स्वतःच्या खिशात. सकाळी आजींदेखत, कानामात्रादेखत कपाट उघडलं.

दहा रकाने कोरे होते.

अकरावा... तिच्या ओळीपुढचा...

सही नव्हती. अंगठा होता. मातीचा. अजून ओला.

हसू नकोस. मी ते पान पाहिलंय.

किती मोठा?

...तुझ्या शर्टाचं बटण बघ. त्याहून लहान.