रिकामी फळी

आमच्या कारखान्यात दोर वळतात. घायपाताच्या तंतूंचा जाड दोर, उंचावर लटकून काम करणाऱ्या माणसांसाठी. मी शिक्का मारतो. दोराच्या टोकाला तार गुंडाळायची, तारेवर शिशाची चकती ठेवायची आणि चिमट्याने दाबायची. चकती दाबली गेली की दोर पास.

पण त्याआधी एक रीत होती. शेडच्या टोकाला एक खड्डा आहे आणि त्याच्यावर लाकडी तुळई. नवा दोर तुळईला बांधायचा, खालच्या टोकाला फळी अडकवायची आणि ज्याने दोर वळला त्यानेच त्या फळीवर बसायचं. नव्या दोराला वेटोळ्याचे वळसे असतात. माणूस बसला की ते एकेक करून निघतात, दोर सरळ होतो आणि तुळई कण्हते. ते कण्हणं ऐकल्यावरच मी चिमटा उचलायचो.

फळीवर बसण्यात माझ्या मेहुण्याचा हात कुणी धरू शकत नसे. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे मीच चिकटवला होता. अंगाने भरलेला, हसरा. दुसऱ्याने वळलेल्या दोरावरसुद्धा हौसेने बसायचा आणि खड्ड्यावर झोके घेत ओरडायचा, "भावोजी, दोर तुटला तर ताई तुम्हाला घरात घ्यायची नाही हं!" सगळी शेड हसायची. त्या हसण्यावरच तो वर चढत गेला आणि कारखान्याचा प्रमुख झाला. मी त्याला चारचौघांत 'साहेब' म्हणू लागलो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तो लाजून हसला होता. नंतर लाजला नाही.

फळीची रीत त्यानेच बंद केली.

"वेळ जातो," तो म्हणाला. "शिक्क्यावर माझं नाव आहे ना? मग झालं."

दोराला पीळ देणारं चाक फिरवणारा चाकवाला आमच्यातला सगळ्यात जुना. तो म्हणाला, "साहेब, नाव काय वजन घेत नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबही हसला. दुसऱ्या दिवशी चाकवाल्याच्या हातात झाडू होता. तो आमच्यासमोरून अंगण झाडत जायचा आणि आम्ही आपापल्या हातातल्या तंतूंकडे बघायचो. मीही. त्यानंतर साहेबाने काहीही विचारलं, की आमच्या माना त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हलायच्या.

त्याच सुमारास एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे आणि जिना लाकडी. मांजर चढलं तरी वाजतो. बायको त्या आवाजावरून माणूस ओळखते. ती भाजी चिरत होती. वळून बघते तर भाऊ मागे उभा.

"अगंबाई! कधी आलास रे? जिना वाजला नाही."

"तुझे कान गेले, ताई," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. त्या खुर्चीवर कापसाची जुनी उशी आहे. जेवून तो उठला तेव्हा मी सहज पाहिलं. उशी तशीच फुगलेली होती.

मी ते मनावर घेतलं नाही. म्हणजे, घ्यायचं नाही असं ठरवलं.

तुळईवर एक जुना दोर तसाच राहिला होता, खाली फळीसकट. रीत बंद झाल्यावर तो सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. एका सकाळी मी चिमटा घ्यायला तिकडे गेलो, तर तो दोर ताणलेला होता. काठीसारखा सरळ. फळी रिकामी होती आणि एका बाजूला किंचित झुकलेली, कुणीतरी अंग चोरून बसावं तशी. मी दोराला हात लावला. आत बारीक थरथर होती. उंचावर बसलेल्या माणसाच्या दोराला असते तशीच. तुळई मधूनच कण्हत होती.

"वाऱ्याने असेल," मी चाकवाल्याला म्हणालो.

"शेडमध्ये कुठला वारा?" एवढं बोलून तो झाडायला लागला.

मग उंच धुराड्याला रंग द्यायचं काम निघालं आणि त्यासाठी नवा दोर वळला गेला. तो वळतानाच मला खटकलं होतं. मधल्या चारेक हात भागात तंतू ओलसर होते आणि पीळ नीट बसला नव्हता. मी हळूच म्हणालो, "साहेब, हा एक तेवढा बसून बघू या."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, तुम्हीसुद्धा?"

त्याने सगळ्यांना खड्ड्याजवळ बोलावलं. जुन्या दोराची फळी सोडायला सांगितली, पण गाठ हलेना. भार असलेल्या दोराची गाठ सुटत नसते. शेवटी दुसरी फळी आणली.

तो ऐटीत बसला. पाय खड्ड्याच्या काठावरून उचलले.

नव्या दोराचे वळसे तसेच राहिले.

एवढा मोठा माणूस खाली बसलेला आणि दोर वर ढिला, नागमोडी. तुळईने हूं की चूं केलं नाही. शेजारी रिकाम्या फळीचा दोर मात्र ताठ होता.

"बघा!" साहेब झोका घेत म्हणाला. "तुटला?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

"भावोजी, शिक्का."

मी चकती दाबली.

दुपारी धुराड्याचा रंगारी स्वतःच दोर न्यायला आला. सडपातळ, बोलका माणूस. दोर खांद्यावर टाकत त्याने विचारलं, "काका, याच्यावर बसलं कोण होतं?"

तेवढं एक वाक्य माझ्या हातात होतं. वर खिडकीत साहेब उभा होता.

"साहेब स्वतः बसले होते," मी म्हणालो.

"मग काय बघायचं!" तो हसला. "ते बसले म्हणजे मी फुलासारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्याजवळ उभा होतो. का, ते मला सांगता येणार नाही. जुना दोर ताणलेला होता, थरथरत होता.

एकाएकी तो ढिला पडला.

फळी हलकेच डुलली आणि सरळ झाली. तुळई गप्प झाली.

मग ऑफिसातला फोन वाजला.

साहेब अंगणात आला. "रंगारी धुराड्यावरून पडला. गाठ चुकीची मारली होती त्याने," त्याने सांगितलं. "आपला दोर पास होता. होता ना, भावोजी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चाकवाल्याने झाडू थांबवला होता.

"हो, साहेब," मी म्हणालो.

चाकवाला पुन्हा झाडू लागला.

घरी आलो. दार उघडंच होतं. बायको पाठमोरी, ओट्याशी. तिला सगळं सांगावं म्हणून मी तिच्या मागे उभा राहिलो.

ती वळली आणि तिच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"अगंबाई! तुम्ही कधी आलात? जिना वाजला नाही."