सुरात लावलेला गिअर

पूर्वरंग चांगला रंगात आला होता. आत्मारामबुवांनी उपरणं सावरलं, डोळे मिटले, नाममहिमा सांगता सांगता वरचा सूर उचलला... आणि सिल्व्हर पार्कच्या दत्तमंदिराचा कर्णा एकाएकी खरखरला — खर्रर्र... खट्... खर्रर्र!

बुवा थांबले. पेटीवाल्यांनी संशयानं स्वतःच्याच पेटीकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "डास मारायची रॅकेट चालू राहिली का रे कुणाची?" सभामंडपात हशा पिकला. बुवाही हसले आणि त्यांनी पुन्हा सूर धरला. पुन्हा खर्रर्र!

तबल्यावर बसलेला निकेत मात्र हसला नाही. बुवा म्हणजे त्याचे सख्खे मामा. लहानपणापासून तो त्यांच्या कीर्तनांत वाढलेला. तबल्याच्या काठावर, चाटेवर, बोटाची जागा केसभर सरकली तरी त्याच्या कानाला टोचायचं. ही खरखर यंत्रातली नाही, हे त्यानं ओळखलं. ती वाढत होती, थांबत होती, पुन्हा लाडात आल्यासारखी उठत होती... बाहेर कुणीतरी खेळत होतं!

मध्यंतर झालं. टाळ्या-झांजांवर नामाचा गजर सुरू झाला तसा तो हळूच मागच्या दारानं बाहेर पडला.

देवळामागे बिल्डरनं अर्धवट सोडलेला प्लॉट होता. मिठागरांवरून खारट वारा येत होता. समोरच्या रेतीच्या ढिगाऱ्यावरून काहीतरी उडालं, हवेत गिरकी घेतली आणि धप्पकन त्याच्या पायाशी पडलं. एक गाडी... कुत्र्याच्या पिल्लाएवढी, जाडजूड टायरांची. उताणी पडलेली, आणि चाकं अजून गरगरतायत.

"पाय काढा, पाय! वायर तुटेल तिची!"

"कोण रे तो? बाहेर ये आधी."

"तो नाही, ती."

ढिगाऱ्यामागून एक मुलगी आली. हातात लांब अँटेनाचा रिमोट, वेणीत खोचलेला स्क्रूड्रायव्हर आणि नाकाच्या शेंड्यावर धूळ. निकेतनं मनातल्या मनात जुळवलेली सगळी दटावणी तिथंच विरघळली.

"ही... तुमची?"

"अख्खी माझी. मोटर जुन्या ड्रिल मशीनची, बॉडी फुटलेल्या बादलीची. का हो?"

"आत आमचे बुवा देवाला हाक मारतायत, आणि ओ देतेय तुमची गाडी."

तिनं जीभ चावली. "अय्या! कर्ण्यात येतंय? शप्पथ, मला खरंच माहीत नव्हतं. आई आत बसलीये माझी. तिला कळलं ना, तर गाडीसकट मला मिठागरात बुडवेल."

"मग सांगतोच तिला."

"सांगा की! मीपण सांगते — तबलेवाले मध्यंतरात देवळामागे पोरींशी बोलत उभे होते."

निकेतचे कान लाल झाले. आत गजर उतरणीला लागला होता. तो वळला, दोन पावलं गेला, आणि मागून हसू आलं — अगदी हलकं, घुंगरू पायातून सुटून पडावं तसं. त्या दिवशी उत्तररंगात त्याची सम पहिल्यांदाच हुकली. बुवांनी मान तिरकी करून बघितलं.

तिचं नाव सुरुची मांडवकर. भाईंदरला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू बसवण्यात तिचा हात बसलेला. तोच हात संध्याकाळी गाडीवर चालायचा. काशीगावच्या माळावर रविवारी रिमोटच्या गाड्यांची शर्यत व्हायची. तिथल्या पोरांच्या गाड्या परदेशातून खोक्यात बंद होऊन यायच्या. सुरुचीची गाडी मात्र भंगारातून जन्मलेली. पगार झाला की तिच्यावर एखादा नवा दागिना चढायचा. कधी टायर, कधी बॅटरी.

पुढच्या गुरुवारी कीर्तन कसं निर्विघ्न पार पडलं. कर्णा शहाण्या बाळासारखा वागला. आरती झाल्याबरोबर निकेत प्रसादाचा द्रोण घेऊन मागच्या प्लॉटवर धावला. सुरुची तिथंच होती, गाडी फिरवत.

"आज खरखर नव्हती," तो म्हणाला.

"मोटरला बारके कपॅसिटर लावले. आणि कीर्तन संपेपर्यंत रिमोट बंद. देवाला त्रास नको."

"चांगलं केलंत. पण..."

"पण काय?"

"मला वाटलं, तुम्ही आलाच नाहीत. चुकल्या-चुकल्यासारखं झालं."

तिनं द्रोणातला शिरा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली... शिरा काय एवढा चावावा लागतो? मग रिमोटचा खटका दाबून तिनं गाडी त्याच्याभोवती एक गोल फिरवली.

"थांबा," निकेतनं डोळे मिटले. "पुन्हा फिरवा. ...हां. एक दाता वेगळा बोलतोय. प्रत्येक फेऱ्याला एकदा — टक्."

"काहीतरीच! मला नाही येत ऐकू."

"उघडून तर बघा."

वेणीतला स्क्रूड्रायव्हर निघाला, झाकण उघडलं. मोठ्या प्लास्टिकच्या गिअरमध्ये रेतीचा एक कण घट्ट रुतून बसला होता. सुरुचीनं कणाकडे पाहिलं, मग निकेतकडे.

"कान आहेत की काय आहे!"

"लाल झालेले तुम्ही पाहिलेतच."

आता मात्र लाजायची पाळी तिची होती.

मग रविवार दोघांचे झाले. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन त्यांनी बारकी बेअरिंगं आणली आणि येताना एकाच कागदातली भजी खाल्ली. शेवटचं भजं "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत गार झालं, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "अरे, घे ना तू!" — आणि 'तुम्ही' तिथंच सँडहर्स्ट रोडच्या फुटपाथवर राहून गेलं.

गाडी उडीनंतर चेंडूसारखी उसळायची. सुरुचीनं इंजेक्शनच्या सिरिंजांचे शॉकअप बनवून त्यांत खोबरेल भरलं होतं. निकेतनं ते दाबून पाहिलं.

"पातळ झालंय. पखवाजाला आम्ही कणीक लावतो ना, तसंच हे. कणीक कमी पडली तर तो नुसता बोंबलतो, जास्त झाली तर मुका होतो."

"मग काय घालू? कणीक?"

"एरंडेल घालून बघ."

"गाडीला एरंडेल? पोट साफ होईल बिचारीचं!"

पण एरंडेल लागू पडलं. ढिगाऱ्यावरून उडालेली गाडी अशी अलगद टेकली, की सुरुचीनं आनंदानं निकेतचा हात धरला. धरला तो धरलाच. दोघंही गाडीकडेच बघत राहिली... गाडी केव्हाची थांबली होती.

घरी आई, म्हणजे अनसूयाबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हल्ली कीर्तनात तबला छान वाजतो, नाही?"

"मला काय माहीत? मी बाहेर असते."

"हो ना. आणि तबलेवालाही निम्मा बाहेरच असतो."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नवा गिअर बसवायचा होता. मोटरचा छोटा गिअर मोठ्या गिअरला किती जवळ ठेवायचा, तेवढंच काम. सुरुचीनं स्क्रूड्रायव्हर निकेतच्या हातात दिला. "आज तू लाव. तुझ्या कानानं."

निकेतनं तबला लावावा तसा तो गिअर लावला. कान जवळ नेऊन, श्वास रोखून मोटर केसभर सरकवायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायची. घरघर कमी झाली, मग गुणगुण उरली, मग तीही गेली. चाक फिरत होतं आणि आवाज म्हणून नव्हता. निकेतनं समाधानानं स्क्रू आवळला. सुरुची गिअरकडे बघतच नव्हती. ती त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत होती.

काशीगावच्या माळावर दुसऱ्या दिवशी धुरळा उडाला. बादलीच्या बॉडीची गाडी बघून पोरं खिदळली, "मॅडम, पानी भरने आयी हो क्या?" पण झेंडा पडला आणि त्यांचं हसू गिळलं गेलं. सुरुचीची गाडी खड्ड्यांतून मांजरीसारखी निघाली. एकेक खोकेवाली मागे पडत गेली. शर्यत भरवणारा कौस्तुभ माइकवरून ओरडायला लागला, "बालदी आगे है, बालदी आगे है!" आता शेवटचा फेरा, एकच वळण, आणि पुढे कुणीही नाही —

आणि गाडी थांबली. मोटर किंचाळत होती, चाकं हलत नव्हती. जळक्या प्लास्टिकचा वास आला. बाकीच्या गाड्या तिला वळसे घालून पुढे निघून गेल्या.

झाकण उघडलं तर मोठ्या गिअरचे दाते मेणासारखे वितळले होते. कौस्तुभ वाकून म्हणाला, "अरे यार, किती घट्ट लावलाय! दोन दात्यांत कागद सरकेल एवढी फट ठेवतात. गरम झाले की फुगतात ना ते. थोडा आवाज तर पाहिजेच."

निकेतचा चेहरा पांढरा पडला. "मी... मला वाटलं, आवाज नाही म्हणजे सुरात आहे."

भरून आलेले डोळे दिसू नयेत म्हणून सुरुचीनं तोंड फिरवलं. निकेतला वाटलं, रागावली. त्यानं स्क्रूड्रायव्हर तिच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवून तो चालू लागला.

तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. दोन दिवसांनी एक मेसेज आला. 'तुमची एवढी मेहनत मी वाया घालवली. यापुढे हात लावणार नाही. सॉरी.'

तुमची! गाडी बंद पडली तेव्हा रडली नव्हती एवढं ती त्या एका शब्दावर रडली. शर्यत काय, पुढच्या रविवारी पुन्हा होणार होती. पण हा भला माणूस एका जळक्या गिअरपायी जन्मभर लांब बसेल, आणि वरून त्याला वाटेल की त्यानं फार चांगलं केलं!

पुढच्या गुरुवारचं कीर्तन मांडवकरांकडून होतं. आईनं नवस बोलला होता म्हणे; कसला, ते सांगितलं नाही. यजमानांनी मध्यंतरात बुवांना आणि साथीदारांना बुक्का लावून हार घालायचा, ही रीत. अनसूयाबाईंनी तबक लेकीच्या हातात दिलं.

"बाबा आहेत ना. ते घालतील."

"त्यांची कंबर धरलीये."

"सकाळी तर सिलिंडर उचलला त्यांनी!"

"म्हणूनच धरली. जा गुमान."

कर्ण्यातून गजर घुमत होता. सुरुचीनं बुवांना बुक्का लावला, हार घातला, वाकून नमस्कार केला. पेटीवाल्यांनाही घातला. मग ती तबल्यापुढे येऊन बसली. निकेत खाली मान घालून हातोडीनं तबल्याचे गट्टे ठोकत होता. ते जागच्या जागीच होते.

"वर बघ," ती म्हणाली.

"राहू दे ना. साथीदाराला हार नसला तरी चालतो."

"मला चालत नाही. निकेत, मी रागावले नव्हते. मला रडू येत होतं, म्हणून गप्प होते. कागद सरकवून बघायचं मलाही माहीत होतं. त्या दिवशी नाही बघितलं... मी तुझ्याकडे बघत होते."

हातोडी थांबली.

"पुन्हा माझ्या हातून काही बिघडलं तर?" त्यानं विचारलं, अगदी हळू.

"बिघडू दे. माझ्याही हातून बिघडेल. तू नसलास तर नीट चाललेली गाडी घेऊन तरी मी काय करू? मला तू हवायस. गाडीसाठी नाही रे... असाच."

त्यानं वर पाहिलं. डोळे भरलेले, आणि कान... कान तर शेंदरासारखे! सुरुचीनं हार उचलला. त्यानं मान पुढे केली. झेंडूचा ओला वास, बुक्क्याचा वास, आणि तिची बोटं त्याच्या मानेपाशी जराशी रेंगाळली...

गजर केव्हा थांबला, ते दोघांनाही कळलं नाही. सगळं मंदिर त्यांच्याकडे बघत होतं.

"काय गं पोरी," आत्मारामबुवा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मला हार घालायला तुला एवढा वेळ नाही लागला!"

सभामंडप खदखदून हसला. सुरुची पळायलाच निघाली होती. बुवांनी हातानं थांबवलं. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि भाच्याच्या हातात ठेवला. "देवाच्या दारात एकतर्फी हार बरा दिसत नाही, निक्या. पण आधी हिच्या घरच्यांना विचारायचं हं."

"विचारायचं कसलं, बुवा?" पुढच्या रांगेतून अनसूयाबाई म्हणाल्या. "आज नवस फेडायलाच बसलेय मी इथं!" आणि शेजारी, धरलेल्या कमरेचे बाबा ताडकन उठून उभे राहिले आणि हात जोडून हसायला लागले.

निकेत हार धरून उठून उभा राहिला. "सुरुची... तू सांग. घालू?"

तिनं पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी उगाचच नीट केली. "आधी आरती होऊ दे. कीर्तन अर्धवट सोडू नये," ती म्हणाली, आणि आईशेजारी जाऊन बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत आत बसली.

बुवांनी उत्तररंगाला स्वयंवराचं आख्यान लावलं. निकेतनं हार जपून मांडीवर ठेवला, तबल्यावर हात टाकले आणि लय अशी काही उधळली, की पेटीवाल्यांची बोटं मागे पडली, झांजा अडखळल्या. अखेर बुवांनी कथा थांबवून त्याच्याकडे वळून पाहिलं.

"अरे, हळू की रे बाबा! माझ्या आख्यानात अजून मांडवसुद्धा पडला नाही."