रांगेच्या शेवटी मामा

हे खरं आहे. खोटं निघालं तर या कटोऱ्यातला कावा, हा मुळ्यांचा कडू काढा, माझ्या घशात अडकू दे. मी तिथंच होतो, लोपेतीच्या खांद्याला खांदा लावून. म्हणजे अगदी खांद्याला नाही, दारात. बरं, दारातही नाही. मागच्या अंगणात भट्टीच्या खड्ड्यात डुकरावर माती लोटत होतो. पण लोपेतीची खिडकी उघडी होती आणि कान माझेच होते ना?

लोपेती माझा चुलतभाऊ. आमच्या वावाऊ बेटावर कुणी गेलं, की चर्चमागच्या खोलीत बसून मयत परदेशी थेट दाखवायचं काम त्याचं. अर्धं गाव ऑकलंडला आणि सिडनीला. ते रडणार कुठं? फोनसमोर. आणि लोपेतीकडे भाड्याचा एकच सर्व्हर, तोही बेताच्या छातीचा. मूठभर लोकांना चित्र पोचवलं की धापा टाकतो. म्हणून सर्व्हर पहिल्या काही फोनांना चित्र देतो, ते फोन मागच्यांना देतात, मागचे त्यांच्या मागच्यांना. कावा हातोहात जातो तसं. वरचा हात ढिला, की खालचा कोरडा. कुणाला सर्व्हरशेजारी बसवायचं अन् कुणाला लांब, हे ठरवण्यातच त्याचं सगळं कसब.

त्या दिवशी गावातला तरणा पोरगा पेनीसिमानी गेला होता. भाला घेऊन माशामागे बुडी मारली. वर आणला तो इतरांनी. रीतीप्रमाणे उशाशी त्याची हेनेली आत्या बसली. आमच्यात आत्याचा मान सगळ्यांत मोठा आणि मामाकडचे सगळ्यांत खाली. त्यांनी फाटक्या चटया कमरेला गुंडाळून चुलीपाशी राबायचं. मीही मामाकडचाच, खड्ड्यावर होतो तो काय हौसेनं?

हेनेली आत्या सकाळीच लोपेतीच्या खोलीत डोकावली.

"तौफाला कुठं बसवलायस?"

"सर्व्हरजवळ, आत्या. पोराची आई बाळंतपणात गेली, मामानंच वाढवला त्याला. म्हटलं..."

"मामाची जागा चुलीपाशी. दारात काय अन् फोनात काय, रीत ती रीत. का तुझ्या आईनं भात तेवढा शिजवायला शिकवला?"

लोपेतीनं मान खाली घातली आणि मामाला रांगेच्या अगदी शेवटी टाकलं. यंत्राला माणसांची पायरी शिकवायची, ही चूक फक्त आम्हीच करू शकतो.

तौफामामा ऑकलंडच्या इस्पितळात, डायलिसिसच्या नळ्या लावून. इस्पितळाच्या झग्यावरही त्यानं फाटकी चटई गुंडाळली होती. त्यावरून नर्सशी भांडणही झालेलं. त्याचं मागणं एकच. "पेटी बंद व्हायच्या आत पोराचा चेहरा दाखव, बाळा. मग तुमची रीत काय म्हणते ते करा."

ऊन डोक्यावर आलं तशी गर्दी वाढली. फोनामागे फोन चिकटत गेले आणि मामाचं चित्र थिजलं.

"लोपेती, नुसतं पांढरं कापड दिसतंय रे. हलत नाही..."

"थांबा मामा."

लोपेतीचं बोट मामाला वर ओढायला सरकलं. मग त्यानं दारातून उशाशी बसलेल्या आत्याकडे पाहिलं. बोट मागं आलं.

तेवढ्यात रांगेत मामाच्या लगेच पुढे कुणीतरी येऊन बसलं. नाव नाही, गाव नाही. असेल कुणी भाऊबंद. फक्त ते कुणाकडून काही घेत नव्हतं. देत मात्र होतं, ओंजळी भरभरून. मामाचं चित्र लख्ख झालं.

"देव पावला," लोपेती पुटपुटला.

माझ्या खड्ड्यातून भाजल्या डुकराचा वास यायचा, तो येईना. ओहोटीला उघड्या पडलेल्या शेवाळाचा येऊ लागला. आणि मामाच्या फोनातून परत ऐकू येणारी आमचीच प्रार्थनागीतं... पाण्याखाली गायल्यासारखी.

"मामा, दिसतंय ना?"

"दिसतंय. पण कॅमेरा इतका खाली का ठेवलायस? हेनेली वाकली... आता तिच्या मुली वाकल्या. सगळे वाकून माझ्याकडेच बघताहेत रे. चेहरा कुठाय पोराचा?"

लोपेतीनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा दाराशी, तिकाटण्यावर, होता तिथंच होता.

आत पेटीचं झाकण लागलं.

"लोपेती... अंधार झाला."

"मामा, मी ही ओळ तोडतो. लगेच तोडतो."

"तोडू नकोस! त्याला लहानपणी दिवा लागायचा झोपताना. एकटा कसा राहील? मी आहे इथं... बघतोय मी."

पेटी वाळूत उतरली. ढिगारा वर चढत गेला. लोपेतीनं कॅमेरा बंद केला, सर्व्हर बंद केला. रांगेतल्या सगळ्या ओळी विझल्या, फक्त शेवटच्या दोन राहिल्या, मामाची आणि ती बिननावाची. मामा वाळू पडल्याचा आवाज ऐकत होता, आम्ही त्याचा श्वास ऐकत होतो. खूप वेळानं तो म्हणाला, "दिसला रे. हसतोय." आणि गेला. नर्सनं फोन हातातून सोडवला.

आता कटोरा रिकामा होत आलाय, म्हणून कबूल करतो. चेहरा दिसला, हे मी रचलं. तुमची तोंडं उतरलेली बघवेनात. मामाला चेहरा दिसला नाही. शेवटपर्यंत नाही.

जाताना तो खरं काय म्हणाला ते खिडकीतून नीट ऐकलंय मी. त्या खोलीत दुसरा कॅमेरा नव्हता, होता तो बंद. लोपेती तेवढा पडद्यावर ओणवा होऊन त्या दोन ओळींकडे बघत होता.

"अंधार गेला," मामा म्हणाला. "आता तू दिसतोस, लोपेती. एवढा वाकलायस कशाला माझ्यावर?"

लोपेती अजून मयतं दाखवतो. पण पडद्यापासून हातभर लांब बसतो, मान ताठ ठेवून. पोरं त्याला खांब म्हणून चिडवतात. चिडवू देत.