टोचारामचा हात आणि कस्तुरीचे पाहुणे

शरीरात जंतू घुसले की माणूस आजारी पडतो, हे कस्तुरी भडकमकरला तिसरीपासून पाठ होतं. मग सहावीत तिच्या शरीरात जंतूंची अख्खी वस्ती सापडली आणि तरी तिला साधी कणकणसुद्धा येईना, तेव्हा चुकलं कोण? पुस्तक की कस्तुरी?

वस्ती शोधून काढली टोचारामने. टोचाराम हा रत्नागिरीच्या त्या शाळेतला परिचारक यंत्रमानव. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण त्याच्या उजव्या हाताला सुई होती आणि तो दारात दिसला की अख्खी बालवाडी भोकाड पसरायची, म्हणून हे नाव चिकटलं. पुढे तो हात दुरुस्तीला गेला आणि दुरुस्तीला गेलेल्या वस्तूंच्या रीतीप्रमाणे तिकडेच राहिला. कोणाचं काही अडलं नाही, कारण लसी आता नाकात थेंब टाकूनच देत. उलट बिनसुईचा टोचाराम सगळ्यांचा लाडका झाला. दोन्ही हातांना सुया असलेला नवा यंत्रमानव हवा का, अशी विचारणा मध्यंतरी शाळेकडे आली होती. ‘आरोग्यखोली भरलेली आहे’ असं कळवून मुख्याध्यापक मोकळे झाले.

त्या वर्षी सहावीची मुलं समुद्राखालच्या प्रयोगशाळेत आठवडाभर राहायला जाणार होती. त्यासाठी कस्तुरी वर्षभर पोहायला शिकली होती, निम्मं पाणी नाकातोंडात गेलं तरी. निघण्याआधी सर्वांची लघवी तपासायची होती. टोचारामने ती तपासली आणि भर रांगेत खणखणीत आवाजात जाहीर केलं, “कस्तुरी भडकमकर. मूत्राशयात रोगजंतू आहेत. प्रवेश नाही. काळजी करू नये.” शेवटचं वाक्य त्याला मुख्याध्यापकांनी शिकवलं होतं.

मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पोटातली पिशवी, हे त्या दिवशी सगळ्या शाळेला कळलं. कस्तुरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. कोणाच्या लघवीची तक्रार कानावर आली की त्याला काहीतरी प्यायला द्यायचं, हा आपल्याकडचा धर्मच आहे. शेजारच्या काकू धन्याचं पाणी घेऊन आल्या, वरच्या मजल्यावरून वाळ्याचं सरबत उतरलं आणि बाबांनी शहाळ्यांचा घडच आणला. कस्तुरी पीत होती आणि पळत होती, पळत होती आणि पीत होती. संध्याकाळी बाबा तिला पुन्हा टोचारामकडे घेऊन गेले. या वेळी त्याच्या छातीवर हिरवा दिवा लागला. बाबांनी येतायेताच पेढे घेतले.

पेढे संपायच्या आत आत्येआजी आल्या. बाबांची ही आत्या, डॉ. कुमुद भडकमकर, आयुष्यभर जिवाणूंचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जिवांचा) अभ्यास करत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “सरबतात तांब्याभर पाणी ओतलं तर त्यातली साखर पळून जाते का गं?”

कस्तुरीचा चेहरा पडला. साखर पळत नाही, फक्त सरबत पातळ होतं. म्हणजे जंतू होते तिथेच होते. पाणी वाढल्यामुळे टोचारामला ते कमी दिसले, एवढंच.

बाबा हळूच म्हणाले, की दिवा तर हिरवा लागलाय ना. कस्तुरीलाही गप्प बसावंसं फार वाटलं. समुद्र दोन दिवसांवर आला होता. पण पाण्याखाली रोज तपासणी होती आणि तिथे शहाळी नव्हती. शिवाय खोट्या दिव्याच्या जोरावर मिळालेला समुद्र तिला गोड लागला नसता. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “आजी, खरं काय ते शोधूया. मग नाही जायला मिळालं तर नाही.”

दुसऱ्या दिवशी आत्येआजी आपला जनुकवाचक घेऊन बाबांसह शाळेत आल्या. जनुक म्हणजे पेशीला काय आणि कसं बनवायचं ते सांगणारी सूचना, आणि जनुकवाचक म्हणजे त्या सूचना वाचणारं डबीएवढं यंत्र. कस्तुरीच्या जंतूंच्या सूचना पडद्यावर भराभर उमटल्या आणि एका जागी आत्येआजींनी बोट ठेवलं. उपद्रवी जंतूंच्या अंगावर गळासारखे बारीक आकडे असतात, त्यांनी सांगितलं. त्या आकड्यांनी ते मूत्राशयाच्या भिंतीला घट्ट धरतात. मग शरीर आरडाओरडा करतं. ताप येतो, लघवीला जळजळ होते. हे आकडे बनवायची सूचना कस्तुरीच्या जंतूंमध्येही होती, पण तिचा एक तुकडाच गळून गेला होता. कधीकाळी त्यांचे पूर्वज उपद्रवी असतील. हे मात्र आकडेच बनवू शकत नव्हते.

कस्तुरीला शंका आली. धरायला काही नाही, तर ते लघवीबरोबर वाहून कसे जात नाहीत?

“बरेचसे जातात,” आत्येआजी म्हणाल्या, “पण पिशवी कधी पुरती रिकामी होत नाही. थेंबभर लघवी उरतेच. त्या थेंबात उरलेले इतक्या झपाट्याने वाढतात की पुन्हा घर भरतं.”

मग औषध देऊन त्यांना मारून टाकायचं का, असं बाबांनी विचारलं. आत्येआजींनी मान हलवली. कस्तुरीला काहीच त्रास होत नव्हता. उगाच औषध दिलं तर हे गरीब पाहुणे मरतील आणि मोकळ्या जागेत आकडेवाले शिरू शकतील. ताप आला, जळजळ झाली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

टोचाराम इतका वेळ निश्चल उभा होता. “नियम असा आहे,” तो म्हणाला, “की रोगजंतू असल्यास प्रवेश नाही. जंतू आहेत. म्हणून प्रवेश नाही.”

आत्येआजी तोंड उघडणार एवढ्यात कस्तुरीच पुढे झाली.

“टोचाराम, तू कोणाला सुई टोचू शकतोस का?”

“नाही. माझा हात दुरुस्तीला गेला आहे.”

“तुला बघून बालवाडी रडते का?”

“आता रडत नाही. काल एकाने मला चिक्की दिली.”

“आणि तू खोलीत आहेस, म्हणून दोन सुयांवाला इथे आला नाही. माझे जंतू तुझ्यासारखेच आहेत. त्यांचाही हात गेलाय.”

टोचारामच्या छातीवरचा दिवा बराच वेळ पिवळा लुकलुकत राहिला. त्याने जनुकवाचकाचा पडदा पुन्हा पाहिला. मग आपल्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं. “मी जंतू किती आहेत ते मोजत होतो,” तो म्हणाला. “ते काय करू शकतात, हे मी विचारलंच नव्हतं. हे रोगजंतू नाहीत. नियम लागू होत नाही.” दिवा हिरवा झाला, आणि या वेळी तो खरा होता. जनुकांचा तो सगळा अहवाल त्याने समुद्राखालच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांनी तो वाचून होकार दिला.

असे बिनआकड्यांचे जंतू मुद्दाम पाळून, वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांच्या मूत्राशयावर पहारा बसवता येईल का, हे शोधायला हवं, असं आत्येआजी घरी जाताना म्हणाल्या. ते काम कस्तुरीने मनातल्या मनात स्वतःकडे घेऊन टाकलं.

निघायच्या दिवशी टोचाराम धक्क्यावर हजेरी घेत उभा होता. “कस्तुरी भडकमकर आणि पाहुणे. बोटीत चढावे,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. या वेळी कस्तुरीला लाज वाटली नाही. ती सगळ्यांत जास्त हसली.

तेवढ्यात टोचारामला निरोप आला. त्याचा हात एकदाचा दुरुस्त झाला होता. कुठे पाठवायचा, अशी विचारणा होती. धक्क्यावरची मुलं दोन पावलं मागे सरली.

टोचारामने क्षणभर विचार केला आणि उत्तर पाठवलं, “खोली भरलेली आहे. काळजी करू नये.”