लिंकरला न सापडलेलं नाव

फोन ठेवा बाजूला आणि जरा जवळ सरका. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे हे, त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडू ऑफिसात एकटाच. लहान मुलांच्या वॉर्डातलं एक यंत्र त्याच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. मुलाचा ताप चढला की ते वाजायचं, पण मधूनच मुकं व्हायचं. सोमवारी ते परत जायचं होतं. नेमकं कुठे अडतंय हे बघायला त्याला त्याच्या प्रोग्राममधल्या, पायथनला जोडलेल्या सी मॉड्यूलची डीबग आवृत्ती, म्हणजे चूक शोधायला पायरीपायरीने चालवता येणारी, हवी होती. ती काही केल्या बनेना. लिंकर आडवा!

"मामा, लिंकर म्हणजे?"

अरे, कोडच्या एका तुकड्यातून एखाद्या नावाला हाक मारलेली असते, ते राहतं दुसऱ्याच तुकड्यात. लिंकर दोघांची गाठ घालून देतो. नाव नाही सापडलं की बसला रुसून.

आधी म्हणे, पायथनची डीबग लायब्ररीच नाही. साडूने बसवली. मग चुकांची ही रांग! काही तुकडे साधे, काही डीबग, त्यांचं आपसात जमेना. सगळं पुसून पुन्हा बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नव्याने जुळणी. तरी चुका. तेवढ्यात बायकोचा फोन.

"तू जेवून घे, माझं डोकं नको खाऊस!" त्याने फोन आपटला.

दीडच्या सुमाराला एकच चूक उरली.

'चिमटी' हे फंक्शन सापडत नाही.

साडूचा हात थांबला. चिमटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. सातव्या वर्षी तापाने गेलेली. हे लाडाचं नाव घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं...

त्याने सगळा कोड धुंडाळला. नाव कुठेच नाही. पुसलं. पुन्हा बिल्ड.

चिमटी सापडत नाही.

"कोण चेष्टा करतंय रे?"



शेवटी वैतागून त्याने त्या नावाचं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहून टाकलं. रिकामं. कंस उघडला, मिटला.

लिंकर गप्प.

त्याने प्रोग्राम चालवला. तापाचा खोटा आकडा वाढवत नेला. प्रोग्राम थांबला... त्याच रिकाम्या फंक्शनात. हाक कुठून आली ते बघायला साडू कोडमध्ये एक पायरी मागे गेला. तिथे हाक नव्हतीच. यंत्र मुकं करणारी चुकीची ओळ मात्र होती.

ती सुधारली. यंत्र खणखणीत वाजलं. साडू दिवे तसेच ठेवून पळाला. कुलूप लावलं, किल्ली खिशात.

सोमवारी सकाळी तोच पहिला आला. ते फंक्शन काढून टाकायला फाइल उघडली.

ते रिकामं नव्हतं.

कंसात एकच शब्द होता...

"आले."