वीस बाय वीसचा डोंगर

परशुरामचं डोकं रोजच फिरलेलं असायचं. डोंबिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात तो शिकवायचा, स्वतः कुठे न शिकता. दुपारी दोन ते चार बॅच नसायची. तेवढ्यात तो त्याचा विमानाचा गेम लिहायचा. चौऱ्याण्णव साल. विकतच्या गेममधले डोंगर म्हणजे नुसते समोसे. त्याला खरा उतार पाहिजे होता. विमान नाक खाली करून, पंख कलवून वळलं, की खालचा उतारही तसाच कलंडला पाहिजे.

म्हणून त्याने शीळफाट्याजवळचा, घरामागचा डोंगरच मोजला. गवंड्याची पातळी बघायची पाणी भरलेली नळी, दोन बांबू, सहा रविवार. वीस ओळी, प्रत्येक ओळीत वीस उंच्या. चारशे आकडे फायलीत टाकले. घाई होती, कारण मोठ्या भावाने, काळूरामने, डोंगर खदानीला देऊन टाकलेला. रोज सुरुंग. घराच्या डोक्यावरचा उतार आता भिंतीसारखा उभा राहिलेला आणि आय एकटी दिवसभर त्याच्याखाली.

गेम चालला. फक्त घराच्या चौकोनावरून जाताना विमान आपटायचं. हवेत. खाली काही नसताना.

त्याने फाईल उघडली. घराच्या चौकोनात त्याने जमिनीची उंची सहा मीटर लिहिलेली. तिथे आठ होते.

"कोणी हात लावला रे माझ्या फायलीला?" तो पोरांवर खेकसला. त्याने सहा केले. दुसऱ्या दिवशी अकरा. मग तो फाईल असलेली फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायला लागला. तिसऱ्या दिवशी एकोणीस. आणि डोंगराच्या वरच्या ओळी बरोब्बर तेवढ्याच उतरलेल्या.

संध्याकाळी त्याने घरात नळी लावली. चुलीपासून दारापर्यंत दोन्ही टोकांना पाणी एका रेघेत. जमीन सपाट.

त्याची आय, तुळसा, बघत होती. तिचं अर्धं आयुष्य कोलशेतच्या मिठागरात गेलेलं. वाफ्याचा बोटभर उतार ती अनवाणी पायाने सांगायची.

"पाण्यात काय बगतोस?" ती म्हणाली. "चार दिस झाले. चुलीकडनं दारात यायचं तर चढ लागतो मना. दम भरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने काळूरामला ओढत क्लासात आणलं.

"दादूस, खदान बंद कर. नायतर आयला तरी हलव."

"गेममधी विमान पडतंय म्हणून घर खाली करू? येडा झालास काय? खदानीचा इंजिनिअर बघून गेलाय."

"इंजिनिअरची आय ऱ्हाते काय तिथं?"

"तुझी खाज मना म्हाईत हाय परश्या. डोंगर मी दिला, तुला इचारलं नाय, तीच ना?"

"तीच! आणि आय मेली तर?"

काळूरामने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः बटणं दाबली. विमान डोंगरावरून घसरत आलं, घराशी आपटलं. स्क्रीनवर उंची आली. चौतीस.

"तूच लिवलंस," काळूराम म्हणाला आणि निघून गेला.

परशुरामने खुर्चीला लाथ घातली. फ्लॉपी तिथेच टाकून त्याने रिक्षा पकडली.

भर उन्हाची वेळ. खदान जेवायला थांबलेली. आय दारात उभी होती.

एरवी ती त्याच्या खांद्याला लागायची. घराला जोतं नव्हतं, पायरी नव्हती.

तो मान वर करून तिच्याशी बोलला.

"आय, चल. आत्ताच्या आत्ता."

"आले रं. हात दे. लय उतार हाय."

त्याने हात पुढे केला. पुरला नाही.

ती आडव्या अंगाने वळली. टाच रोवली. एक पाय खाली, मग दुसरा. सारवलेल्या सपाट अंगणात ती सहा पावलं उतरली आणि धापा टाकत त्याच्या मनगटाला लटकली.

तिच्या पायाखालून एक खडा सुटला.

घरंगळत त्याच्या चपलेजवळून गेला. अंगण संपलं, सपाट रस्ता लागला. खड्याचा वेग वाढतच होता.