विसावी फांदी

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्या मजल्यावरच्या संख्याशास्त्रज्ञाने तिच्या लेखावर सही करायला नकार दिला.

त्याने पेनाला टोपण लावलं. ती समोर मटकन बसली. आठ महिने ती खुर्च्यांवर संशोधन करत होती. नव्या घडणीच्या खुर्चीने कारकुनांची पाठदुखी कमी होते का, एवढाच प्रश्न. आता तिचीच पाठ धरली होती.

"फरक आलाय ना," ती म्हणाली. "चाळिशीपुढच्या उंच बायकांत. फरक नसता तर असा आकडा शंभरांत चारदाच येतो."

"सगळ्या एकशेवीस जणांत आला?"

"नाही."

"मग तुमच्या सरांनी किती गट पाडायला लावले?"

"बायका, पुरुष, बुटके, चष्मेवाले, डावखुरे..." ती थांबली. "वीस."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की आपण योगायोग म्हणतो. सरांनी वीस फांद्यांवर वीस कावळे बसवले. एखादी मोडतेच – बहुधा. आणि लेखात तेवढीच लिहायची?"

"कळतं हो मला!" तिचा आवाज चढला आणि लगेच विझला. "पण फरक नाही म्हटलं, तर सर लेख अडवतील; आणि शुक्रवारी तो गेला नाही, तर माझ्या नोकरीला मुदतवाढ नाही. महिनाअखेर मी घरी. आई आत्ताच विचारते, 'अगं, खुर्ची बरी की वाईट, एवढं सांगायला आठ महिने?'"

"वीसही गट लिही. आत्ता सही करतो. तू..."

तो अडखळला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच 'तू' आलं होतं.

"चालेल की," ती हळूच म्हणाली. "दमल्यावर शिस्त सुटते माणसाची."

तो खिडकी लावायला उठला. ती लावलेलीच होती.

पहिल्या दिवशी ती इथे नुसता स्टेपलर मागायला आली होती. त्याने स्टेपलर दिला आणि सोबत एक कोरा कागद, एक पाकीट. त्याच्या खोलीचा नियमच होता – आकडे हाती येण्याआधी प्रश्न लिहायचा, पाकीट चिकटवायचं, वर तारीख घालायची. नंतर प्रश्न बदलता येत नाही. पुढे सगळा विभाग तिला खुर्चीताई म्हणू लागला. तो एकटाच 'ताई' गाळायचा. हे तिच्या तिसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं.

त्याने कपाटातून तिचं पाकीट काढलं. तिने फोडलं. तिचंच ठसठशीत अक्षर : 'नव्या खुर्चीने पाठदुखी कमी होते का?' उंच बायकांचा त्यात उल्लेखही नव्हता.

तिने त्याचं पेन घेऊन खाली लिहिलं : 'दिसलं नाही.'

चार बावन्नला तिने सरांना मेल केला : 'फरक आढळला नाही. वीसही गट जोडले आहेत. लेख असाच जावा.'

त्याने सही केली.

"एक पाकीट द्या," ती म्हणाली. "कोरं."

"आता कशाला?"

"अजून एक प्रश्न आहे. उत्तर माहीत नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते." तिने पाठ फिरवून चार शब्द लिहिले, पाकीट चिकटवलं, तारीख घातली. "शुक्रवारी उघडायचं. माझी नोकरी राहो, न राहो."

"आधी उघडलं तर?"

"तुमचाच नियम... तुम्हीच मोडणार?"

तो हसला. मग खालच्या खणातून त्याने एक बंद पाकीट काढून तिच्या पाकिटाशेजारी ठेवलं. कडा मळल्या होत्या. तारीख त्याच्या अक्षरात – ती आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याची.

"मीही विचारून ठेवलं होतं," तो म्हणाला. "एकच प्रश्न. गट पाडलेले नाहीत."

तिने दोन्ही पाकिटं जुळवून ठेवली.

सहा वाजेपर्यंत सरांचं उत्तर आलं नव्हतं. टेबलावर दोन पाकिटं होती, दोन्ही बंद.